गच्ची एकाची, खिडकी दुसऱ्याची : दक्षिण मुंबईतल्या टॉवरवादाचा प्रकरण अभ्यास

कारमायकल रोड, म्हणजे आजचा एम. एल. डहाणूकर मार्ग, हा मुंबईतल्या सर्वांत महागड्या रस्त्यांपैकी एक. तिथली २५ मजली ‘उषा किरण’ १९६१ सालची. शहरातल्या पहिल्या गगनचुंबी इमारतींत तिची गणना होते. २०१० च्या सुमारास ती वर्तमानपत्रांत झळकू लागली ती भलत्याच कारणाने. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइल कंपन्यांच्या अँटेनांची गर्दी झाली होती, आणि त्या अँटेनांच्या उंचीला येणाऱ्या ‘उषा किरण’च्या मजल्यांवर कर्करोगाचे रुग्ण एकामागून एक निघाले, अशी रहिवाशांची तक्रार होती.

त्याच काळात, तिथून फार दूर नसलेल्या मलबार हिलवर, अभिनेत्री जुही चावला यांनी आपल्या घरातलं रेडिएशन मोजून घेतलं. त्यांच्या घरासमोर हाकेच्या अंतरावर ‘सह्याद्री’ अतिथिगृह आहे. मंत्रिमंडळाच्या बैठका आणि पाहुण्यांची शिष्टमंडळं यांसाठी ओळखली जाणारी ही सरकारी वास्तू, आणि तिच्याही गच्चीवर अँटेना. सरकारच इथे गच्चीचं मालक होतं, ही गंमत त्या वेळी फारशी कुणी लक्षात घेतली नाही. मोजणीचे आकडे चढे आले, आसपासचे रहिवासी एकत्र झाले, तक्रारी गेल्या, बातम्या झाल्या, आणि अखेर ‘सह्याद्री’वरच्या अँटेना उतरल्या.

या दोन तक्रारींतून मुंबईचं टॉवरधोरण घडलं आणि देशभरच्या वादाला भाषा मिळाली. दोन्ही बाजूंनी कर्करोगावर घसा कोरडा केला. माझ्या मते भांडणाचं मूळ दुसरीकडे होतं. गच्ची ज्याची, भाडं त्याचं. अँटेनेचं तोंड मात्र समोरच्याच्या खिडकीकडे. त्या समोरच्याला विचारायची सोय ना पालिकेच्या नियमांत होती, ना सोसायटीच्या उपविधींत. कर्करोगाचा मुद्दा पुढे आला, कारण बोलायला जागा मिळवून देणारा तो एकच मुद्दा त्याच्या हातात होता.

दिव्याखाली अंधार

टॉवरच्या वादात पहिली गफलत होते ती इथे. लोक घाबरतात ते आपल्या डोक्यावरच्या टॉवरला. प्रत्यक्षात वरच्या मजल्यावर, थेट टॉवरखाली राहणाऱ्याला त्या अँटेनांचा ताप सहसा सर्वांत कमी असतो. हे दिव्याखाली अंधार असण्यासारखंच आहे. मोबाइलची अँटेना लहरी चहूकडे उधळत नाही. साधारणपणे एका ठिकाणी तीन दिशांना तोंड करून अँटेना लावतात, प्रत्येकीने सुमारे १२० अंशांचा पट्टा सांभाळायचा. उभ्या दिशेत मात्र हा झोत फार अरुंद असतो, सहा-दहा अंशांचा, आणि किंचित खाली झुकवलेला. गच्चीवरून तो सरळ पुढे जातो आणि शेकडो मीटरांवर जमिनीला टेकतो. मध्ये त्याच उंचीची इमारत आली, तर तिच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्या तो पहिल्यांदा गाठतो. शिवाय टॉवरच्या इमारतीला स्लॅबचं संरक्षण असतं, समोरच्याला काचेचं. काचेतून या लहरी सहज जातात.

आता थोडा हिशेब करू, कारण या वादात आकडे फेकले खूप गेले आणि मांडले फार थोडे. एका वाहिनीमागे, म्हणजे एका वारंवारतेच्या पट्ट्यामागे, अँटेनेला २० वॉट वीज दिली असं धरा. ती एका दिशेला एकवटल्यामुळे त्या झोतात तिचा जोर साधारण ५० पट होतो, म्हणजे १००० वॉटचा स्रोत असल्यासारखा. २० मीटरवर ही शक्ती सुमारे ५०२७ चौरस मीटरांच्या गोलावर पसरते. प्रत्येक चौरस मीटरला ०.२ वॉट. त्याच गच्चीवर अशा पाच वाहिन्या एकाच दिशेने चालू असतील तर १ वॉट. हेच अंतर ५० मीटर केलं तर पाचांचा मिळून आकडा ०.१६ वर येतो. अंतर अडीचपट झालं, तीव्रता सव्वासहापट घटली.

हे आकडे नियमांशेजारी ठेवले की प्रकरणाची कळ सापडते. भारताने २००८ मध्ये आयसीएनआयआरपी या रेडिएशन-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा स्वीकारली होती. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती प्रति चौरस मीटर ४.५ वॉट. पुढे १ सप्टेंबर २०१२ पासून केंद्राने ती दहापट खाली आणून ०.४५ केली. म्हणजे वरच्या उदाहरणातला २० मीटरवरचा फ्लॅट ऑगस्ट २०१२ मध्ये अगदी कायदेशीर ‘सुरक्षित’ होता, मर्यादेच्या पाव हिश्श्याहून कमी. सप्टेंबरमध्ये तोच फ्लॅट, त्याच खिडक्या, त्याच अँटेना, आणि मर्यादेच्या दुपटीहून जास्त. रहिवाशांच्या बाजूने पाहिलं तर ‘तेव्हा आम्हाला सगळं सुरक्षित आहे असं सांगत होतात ना?’ हा सवाल चुकीचा म्हणता येणार नाही. सरकारच्या बाजूने पाहिलं तर जुनी मर्यादाही शरीर तापण्याच्या ज्ञात धोक्यापासून ५० पट खाली होती, आणि नवी केवळ जास्तीची खबरदारी म्हणून आणलेली. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. फक्त ही खबरदारी नेमकी कशाबद्दलची, हे सरकारने कधी नीट सांगितलं नाही. धोका नाही म्हणायचं आणि मर्यादा दहापट कमी करायची, यातून सामान्य माणसाने काय समजायचं?

समिती, अहवाल आणि ल्यों शहरातला शिक्का

ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने टॉवरच्या रेडिएशनचा प्रश्न तपासायला आंतरमंत्रालयीन समिती नेमली. डिसेंबर २०१० मध्ये मुंबई आयआयटीतले विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी दूरसंचार सचिवांना टॉवरच्या रेडिएशनवर अहवाल दिला. अँटेना हाच त्यांचा विषय, त्यामुळे लहरी कुठे किती पोचतात याबद्दल त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. मर्यादा बरीच खाली आणा, असा त्यांचा आग्रह होता. आरोग्यावरच्या परिणामांबाबत मात्र त्यांनी जे निष्कर्ष काढले, त्यांवर दूरसंचार उद्योगाने आणि काही वैज्ञानिकांनीही हरकत घेतली. अँटेनेचा जाणकार हा रोगाचाही जाणकार असतो असं नाही. पण २०१० ते २०१३ या काळातल्या सभा-चर्चासत्रांत हा फरक कुणी केला नाही. आयआयटीचं नाव पुरेसं होतं.

समितीचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला आणि त्यातूनच दहापट कपातीची शिफारस पुढे आली. मग ३१ मे २०११ रोजी, फ्रान्समधल्या ल्यों इथे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, आयएआरसीने, रेडिओ लहरींना ‘२-ब’ गटात टाकलं : ‘माणसात कर्करोग होण्याची शक्यता असू शकते’ असा गट. मुंबईतल्या प्रत्येक पत्रकावर हा शिक्का उमटला.

त्या निर्णयातली मेख मात्र पत्रकांत आली नाही. शिक्का मुख्यतः कानाला लावलेल्या हँडसेटमुळे बसला होता. फार जास्त बोलणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीचं प्रमाण किंचित वाढल्याचं काही अभ्यासांत दिसलं, आणि त्या अभ्यासांतही स्मरणाच्या चुकांची शक्यता होती. टॉवरसारख्या दूरच्या स्रोतांबद्दलचा पुरावा आयएआरसीनेच ‘अपुरा’ ठरवला. उद्योगानेही लबाडी कमी केली नाही. त्याच गटात पूर्व आशियातल्या आंबवलेल्या भाज्या आहेत, हे सांगून हशा मिळवला गेला. पण ‘अपुरा पुरावा’ म्हणजे ‘धोका नसल्याचा पुरावा’ नव्हे, हे सांगायचं राहिलं. पुढे २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या मोठ्या आढाव्यात १९९४ ते २०२२ मधले ६३ अभ्यास तपासले गेले; मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. मुंबईत वाद तापला तेव्हा ही माहिती हाताशी नव्हती, आणि त्या काळच्या रहिवाशांना आजच्या आढाव्याने झोडपणं अन्यायाचं आहे.

मजल्यांवरचे रुग्ण

‘उषा किरण’च्या तक्रारीत सर्वांत बोलकी गोष्ट होती ती लागोपाठच्या मजल्यांवरचे आजारी लोक. असं काही डोळ्यांसमोर दिसलं की मन दुसरं कारण ऐकायला तयार नसतं. ज्याच्या घरी रुग्ण आहे त्याच्यापुढे संख्याशास्त्र उघडणं निर्दयपणाचं वाटतं, तरी प्रकरण अभ्यासात ते टाळता येत नाही.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा अलीकडचा अंदाज असा की भारतात साधारण नऊ जणांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी कर्करोग होतो. दोनशे माणसांच्या इमारतीत, लोक वयाने आणि ऐपतीने मोठे असतील, तपासण्या वेळेवर होत असतील, तर वीस-बावीस जणांना कधी ना कधी तो होणारच. हे वीस जण मजल्यांवर सारख्या अंतराने वाटले जात नाहीत. काही मजले कोरडे राहतात, काहींवर दोन-तीन घरं लागोपाठ येतात. आधी रुग्ण मोजले आणि मग त्यांच्याभोवती ‘अमुक मजल्यापासून तमुक मजल्यापर्यंत’ अशी रेघ ओढली, की झुबका दिसतोच. शिवाय कर्करोग कुठला? स्तनाचा, आतड्याचा, रक्ताचा हे वेगवेगळ्या वाटांनी येणारे आजार. एकच कारण सगळ्यांना कारणीभूत असेल तर बहुधा एकाच प्रकारचा आजार वाढलेला दिसायला हवा. आणि घन गाठींना वाढायला बहुतेकदा दहा वर्षं किंवा जास्त काळ लागतो. मुंबईत मोबाइल सेवाच १९९५ ची, आणि गच्च्या भरल्या त्या २००० नंतर.

मात्र याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. रेघ आधी ओढून मग मोजायचं काम कुणी तरी करायला हवं होतं. शहरभर अँटेनांसमोरचे मजले एकीकडे, त्याच इमारतींच्या मागच्या बाजूचे मजले दुसरीकडे, आणि कर्करोग नोंदणीच्या यादीशी पडताळणी. मुंबईत १९६० च्या दशकापासून कर्करोग नोंदणी आहे, टाटा रुग्णालय आहे, पालिकेकडे इमारतींचे नकाशे आहेत. लोकांना ‘तुमचा समज चुकीचा आहे’ असं सांगणाऱ्यांनी समज तपासायची ही तसदी घेतली असती तर अर्धा वाद तिथेच निवला असता.

डोकेदुखी, झोप न लागणं, कानात आवाज येणं या तक्रारींची गोष्ट निराळी. त्या खोट्या नसतात, पण त्यांचं कारण लहरीच असतील असं नाही. २००९ मध्ये पॅरिसजवळच्या सें-क्लू इथे नव्या अँटेनांमुळे डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं असं रहिवासी सांगू लागले, तेव्हा कंपनीने उत्तर दिलं की अँटेना अजून चालूच झालेल्या नाहीत. जोहान्सबर्गजवळच्या क्रेगेव्हन वस्तीत त्याच वर्षी पुरळ, मळमळ, निद्रानाशाच्या तक्रारी चालू असताना टॉवर कित्येक आठवडे बंदच होता, असं कंपनीने नंतर जाहीर केलं. ब्रिटनमध्ये एसेक्स विद्यापीठाच्या २००७ च्या प्रयोगातही तेच दिसलं : सिग्नल चालू आहे असं सांगितल्यावर त्रास वाढला, चालू की बंद हे कुणालाच माहीत नसताना, दोन्ही वेळी त्रास सारखाच. हे दाखले भारतात टॉवरवाले मोठ्या चवीने सांगतात. मला त्यांत वेगळं दिसतं. भीतीने झोप उडते ती खरीच उडते, आणि भीती वाढवायला न विचारता रातोरात उभी राहिलेली अँटेना पुरेशी असते.

दोन मीटर, दोन आकडे

मलबार हिल असो की कारमायकल रोड, रहिवाशांनी आणलेल्या माणसाचा आकडा आणि कंपनीच्या माणसाचा आकडा कधी जुळला नाही. दोघांनी एकमेकांना खोटं ठरवलं. खरं तर दोन प्रामाणिक माणसंही एकाच खिडकीत उभी राहून वेगळे आकडे आणू शकतात.

एक प्रकारचा मीटर सगळ्या लहरी एकत्र मोजतो. त्यात मोबाइलबरोबर एफएम, दूरदर्शनचं प्रक्षेपण, घरातला वायफाय सगळं येतं. दुसरा प्रत्येक वारंवारता वेगळी दाखवतो. एक क्षणाचं शिखर पकडतो, दुसरा नियमाप्रमाणे सहा मिनिटांची सरासरी काढतो. शिखर हे सरासरीच्या कित्येक पट असू शकतं. रात्री आठला, सगळे फोनवर असताना मोजलं की आकडा वर. दुपारी तीनला खाली. खिडकीबाहेर हात काढून मोजलं की वर, पलंगाजवळ खाली. त्यात एककांचा घोळ. प्रति चौरस मीटर ०.१६ वॉट म्हणजे १,६०,००० मायक्रोवॉट. पत्रकात कुठला आकडा छापायचा हे पत्रक कुणाचं यावर ठरे.

मोजणीचा बाजारही याच काळात उभा राहिला. घर तपासून देणारे, आणि तपासून झाल्यावर खिडकीला लावायचे किरणरोधक पडदे, फिल्म, जाळ्या विकणारे. मोजणाऱ्याचाच माल आकडा चढा आल्यावर खपत असेल तर त्या आकड्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न रहिवाशांनी स्वतःला फारसा विचारला नाही.

सरकारी मोजणीवर तरी विश्वास का नव्हता? कारण तिची घडणच तशी होती. अँटेना नियमात आहेत असं प्रमाणपत्र कंपनीने स्वतःच द्यायचं आणि दूरसंचार विभागाच्या ‘टर्म’ या देखरेख कक्षाने त्यांतल्या दहा टक्क्यांपर्यंत जागी जाऊन पडताळायचं. मर्यादा ओलांडल्यास एका टॉवर-केंद्रामागे आधी ५ लाख आणि नंतर १० लाख रुपये दंड. कागदावर हे कडक आहे. पण तपासणी केव्हा झाली, कुठल्या खिडकीत झाली, आकडा काय आला, हे समोरच्या इमारतीतल्या काकांना कळायची वाट नव्हती. पुढे सर्वोच्च न्यायालयात सरकारने सांगितलं की तपासलेल्या सुमारे ३ लाख ३० हजार टॉवरपैकी २१२ मर्यादेबाहेर निघाले. हे प्रमाण खरोखर नगण्य आहे. त्या आकड्याने एकाही मोहल्ल्याचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. आपली खिडकी त्या २१२ मध्ये आहे की नाही एवढंच माणसाला हवं असतं.

भाडं, संमती आणि चुकीची इमारत

मुंबईतल्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत टॉवरचा विषय कसा येतो हे ज्याने अनुभवलंय त्याला पुढचं सांगायला नको. गळती आहे, लिफ्ट जुनी झाली आहे, रंगकाम सात वर्षं रखडलंय, आणि सिंकिंग फंडात खडखडाट. अशात सेक्रेटरी सांगतात की गच्चीचा एक कोपरा दिला तर दरमहा ठरलेली रक्कम येईल आणि मेंटेनन्स वाढवावा लागणार नाही. विरोध करतो तो वरच्या मजल्यावरचा, तोही बहुधा गळतीच्या आणि जनरेटरच्या आवाजाच्या भीतीने. ठराव मंजूर होतो. समोरची इमारत या सभेला नसते.

२०१३ मध्ये मुंबई महापालिकेने टॉवरचं धोरण आणलं तेव्हा ती हजर होईल असं वाटलं होतं. धोरणात चांगल्या गोष्टी होत्या. शाळा, महाविद्यालयं, रुग्णालयं, अनाथालयं यांच्या इमारतींवर टॉवर नकोत. विनापरवाना टॉवरवर कारवाई. आणि शहरातले निम्म्याहून अधिक टॉवर तेव्हा विनापरवानाच होते. संमतीची अटही आली : इमारतीतल्या किमान ७० टक्के सभासदांची, शिवाय सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांची वेगळी ना-हरकत.

वरचा झोताचा हिशेब आठवा. ज्याच्या घरात त्या लहरी सर्वांत कमी, त्या वरच्या मजल्यावरच्याची ना-हरकत सक्तीची. ज्याच्या खिडकीत त्या थेट, त्याची लागत नाही. पालिकेने संमती मागितली ती चुकीच्या इमारतीकडे! भीती डोक्यावरच्या टॉवरची होती, म्हणून नियमही डोक्यावरच्या टॉवरसाठी झाला. ज्या ‘उषा किरण’च्या तक्रारीने हा विषय सुरू झाला, ती स्वतः या नियमात कुठेच बसत नव्हती, कारण तिच्या गच्चीबद्दल तिची तक्रार नव्हतीच.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी हा दोष अर्धा भरून काढला. समोर त्याच उंचीची इमारत असेल तर किती अंतर हवं याचा तक्ता त्यांत आहे : एक अँटेना असल्यास २० मीटर, दोन असल्यास ३५, चार असल्यास ४५, सहा असल्यास ५५, आणि बारा असल्यास ७५ मीटर. माझ्या मते संपूर्ण वादातून निघालेलं हे सर्वांत कामाचं पान. हे टेपने मोजता येतं. त्यासाठी ना आयआयटी लागते, ना आयएआरसी. पण मुंबईच्या गल्ल्यांत दोन इमारतींमध्ये २० मीटर कुठून आणायचे? गिरगावात, भुलेश्वरात, परळच्या नव्या मनोऱ्यांमध्येही खिडकीतून खिडकीत वाटी-साखर द्यावी इतकं अंतर असतं. तक्ता काटेकोर पाळला तर या भागांत बऱ्याच गच्च्या बाद होतात. म्हणून तो बहुतेक ठिकाणी फायलीत राहिला.

अँटेना उतरल्यावर

टॉवर उतरवले, सील केले, आणि २०१५ मध्ये देशभर ‘कॉल ड्रॉप’ची ओरड सुरू झाली. कंपन्या म्हणाल्या, तुम्हीच गच्च्या बंद केल्यात. हे पूर्ण खरं नव्हतं; स्पेक्ट्रमची टंचाई आणि वाढीव ग्राहकांच्या मानाने कमी गुंतवणूक हीही कारणं होती. दूरसंचार नियामक ट्रायने तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन, अशी भरपाई लावली. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

पण कंपन्यांच्या म्हणण्यात एक खरा धागा होता आणि रहिवाशांच्या चळवळीने त्याकडे पाठ फिरवली. हँडसेट आपला जोर टॉवरच्या अंतरावर ठरवतो. सिग्नल क्षीण असेल तर तो ओरडून बोलतो, जवळ असेल तर कुजबुजतो. शरीराला मिळणाऱ्या एकूण लहरींत कानाजवळच्या फोनचा वाटा बहुधा टॉवरहून मोठा असतो. म्हणजे गच्चीवरची अँटेना घालवून ज्याने आपला फोन दोन काड्यांवर आणला, त्याच्या डोक्याला मिळणारा डोस कदाचित वाढलाच. दहापट कडक मर्यादेचंही तसंच. प्रत्येक अँटेनेचा जोर कमी करायचा तर तेवढ्याच भागासाठी जास्त अँटेना लागतात. जास्त अँटेना म्हणजे जास्त गच्च्या, जास्त समोरच्या खिडक्या, जास्त भांडणं. २०१२ च्या निर्णयाने रेडिएशन घटलं आणि शेजाऱ्यांचे तंटे वाढले, हे विधान मी जरा धाडसाने करतो, पण गच्चीच्या राजकारणात ज्यांनी दिवस काढलेत ते नाकारणार नाहीत.

न्यायालयांत काय टिकलं

मुंबईच्या वादानंतर देशभर खटले झाले. निकाल पाहिले तर ते एकमेकांविरुद्ध जाताना दिसतात. केरळ उच्च न्यायालयाने २००६ मध्येच एका ग्रामपंचायतीच्या विरोधात निकाल देताना आरोग्याचा धोका सिद्ध नसल्याचं म्हटलं होतं. राजस्थान उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये उलट दिशेने जात शाळा-रुग्णालयांवरचे टॉवर हटवायला सांगितलं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरच्या एका घरकाम करणाऱ्या गृहस्थाच्या अर्जावर बीएसएनएलचा शेजारच्या गच्चीवरचा टॉवर सात दिवसांत बंद करायचा आदेश दिला. २००२ मध्ये बेकायदा उभारलेला, ५० मीटरच्या आत असलेला हा टॉवर आपल्या कर्करोगाला कारण झाला असं त्यांचं म्हणणं होतं. माध्यमांनी ‘टॉवरने कर्करोग होतो हे न्यायालयाने मानलं’ असा अर्थ काढला. एका टॉवरपुरता बंद करण्याचा आदेश आणि कार्यकारणभाव सिद्ध झाल्याचा निर्वाळा यांत मोठं अंतर आहे.

मग जून २०२१. जुही चावला पुन्हा पुढे आल्या, या वेळी दिल्ली उच्च न्यायालयात, संपूर्ण ५जी तंत्रज्ञानाविरुद्ध. ऑनलाइन सुनावणीत कुणीतरी त्यांच्या चित्रपटांतली गाणी म्हणू लागलं आणि बातमी तीच झाली. न्या. जे. आर. मिढा यांनी ४ जूनला दावा फेटाळला आणि २० लाखांचा दंड ठोठावला; पुढे जानेवारी २०२२ मध्ये खंडपीठाने तो २ लाखांवर आणला. दहा वर्षांपूर्वी ‘सह्याद्री’च्या गच्चीबद्दल याच बाईंची तक्रार यशस्वी झाली होती. तेव्हा त्यांच्या हातात एक गच्ची, एक खिडकी, मधलं अंतर आणि एक आकडा होता. २०२१ मध्ये हातात होतं ते सगळं जग. मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवरविरोधी ठराव रद्द केला, तोही असाच : आरोग्याच्या सर्वसाधारण भीतीवर उभा, वैज्ञानिक आधाराविना. राजस्थानचा आदेश या सूत्रात बसत नाही, हे खरं. पण गच्ची नेमकी, अंतर नेमकं, परवान्यातली खोट नेमकी, असे अर्ज टिकले आणि ‘लहरीच वाईट’ म्हणणारे बहुतेक पडले, एवढं म्हणता येतं.

आज ‘उषा किरण’सारख्या इमारतीत कुणी राहत असेल तर त्याच्या हातात २०१० पेक्षा जास्त साधनं आहेत. २०१७ पासून दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ पोर्टल आहे. त्यावर आसपासची टॉवर-केंद्रं नकाशात दिसतात, ती नियमात असल्याची नोंद पाहता येते, आणि ४००० रुपये शुल्क भरून आपल्याच घरी मोजणी मागवता येते. मोजणीला बोलावताना वेळ संध्याकाळची मागावी, खिडकी आणि पलंग दोन्ही जागा लिहून घ्याव्यात, एकक विचारावं, आणि समोरच्या गच्चीवर त्या दिशेने तोंड करून किती अँटेना आहेत ते आधी मोजून अंतराच्या तक्त्याशी ताडून पाहावं. अंतर कमी भरलं तर अर्ज आरोग्याचा न करता अंतराचा करावा. आणि टॉवरला पालिकेची परवानगी आहे का, हे माहिती अधिकारात वेगळं विचारावं. दरम्यान २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नियम यांनी टॉवर उभारणं सोपं केलं आहे, स्थानिक संस्थांचा हात आखडला आहे. परवानगीच्या फायलीत गच्चीच्या मालकाची सही लागते. समोरच्या इमारतीच्या सहीसाठी रकाना त्यात अजूनही नाही.